माणसे होती, दिवस ठरलेला नव्हता

अभ्यासपाठ
शास्त्रवाचन : २ राजे १२:४–१६, नहेम्या ३, मत्तय २१:२८–३१, अनुवाद २४:१४–१५



या अंकातील पाठ हापसा, कौले, संडासाची दारे आणि विजेच्या वायरी यांच्या दुरुस्तीविषयी आहे. अभ्यासपाठात असा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण पवित्र शास्त्राने या विषयाला बरीच जागा दिली आहे. मी तो भाग अनेकदा वाचला होता, पदविकेच्या परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. तो समजला मात्र आमच्या बोर्डिंगमधील एका मुलीचा हात मोडल्यावर. म्हणून आधी ती हकिगत सांगते आणि मग शास्त्राकडे वळते.

सहा दिवस बंद पडलेला हापसा

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आमचे मुलींचे बोर्डिंग आहे. वारली, कोकणा आणि कातकरी घरांतील मुली येथे राहून जवळच्या शाळेत जातात. काही वर्षांपूर्वी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, आवारातील हापसा बंद पडला. दांडा मारून मारून हात भरून आले तरी पाणी वर चढेना. आतला वायसर झिजला होता. वायसर म्हणजे वाटीच्या आकाराची छोटी चकती. तिची किंमत अगदी किरकोळ.

माझ्या खोलीच्या भिंतीवर ‘दुरुस्ती पथक’ अशी यादी लावलेली होती. तीत सात नावे होती : पंपाचे काम जाणणारे दादा, त्यांचा तरुण मदतनीस, गवंडीकाका, रात्रीचे चौकीदार बाबा, गाडी चालवणारे भाऊ, शाळेतील एक शिक्षक आणि मी. सात माणसे असल्यावर काळजी कसली, असे मला वाटले.

पंपवाल्या दादांना निरोप पाठवला. “येतो ताई,” असे उत्तर आले. मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी सकाळी गवंडीकाका आणि ड्रायव्हर भाऊ येऊन तासभर थांबले. पण पंप उघडणारे कोणी नव्हते, म्हणून परत गेले. गुरुवारी दुपारी दादा आले, तर पाइप धरायला कोणी नव्हते. तेही थोडा वेळ बसून गेले. शुक्रवार निरोपानिरोपीत गेला. शनिवारी सकाळी दादा आणि त्यांचा मदतनीस आले, शेजारच्या गावातून दोघांना मजुरीवर आणले आणि दोन तासांत पाणी सुरू झाले.

दोन तासांच्या कामाला सहा दिवस लागले. त्या दिवसांत धुणीभांडी पागोळ्यांच्या पाण्यावर भागली. पिण्याचे पाणी मात्र मुली टेकडीखालच्या विहिरीवरून आणत होत्या. गुरुवारी संध्याकाळी सातवीतील एक मुलगी भरलेली कळशी घेऊन निसरड्या वाटेवर पडली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टर घालून आणले. दुसऱ्या दिवशी वडील तिला घरी न्यायला आले. ते आवणी सोडून आले होते, पायांवरचा चिखलही वाळला नव्हता. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, “ताई, तुमच्याकडं माणसं नव्हती का?”

मी म्हणाले, “माणसं होती.” पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही.

ती मुलगी त्या वर्षी परत आली नाही. पुढच्या वर्षी मी तिच्या घरी दोनदा गेले, तरीही ती आली नाही.

योआश राजाची तेवीस वर्षे

त्यानंतर मी २ राजे १२ पुन्हा उघडले. योआश सात वर्षांचा असताना राजा झाला. पुढे त्याने याजकांना सांगितले की मंदिरात येणारा पैसा घ्या आणि जेथे जेथे मोडतोड दिसेल तेथे दुरुस्ती करा. हुकूम चांगला होता. पैसा येत होता. याजक पुष्कळ होते. तरी राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची दुरुस्ती झालेली नव्हती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याजकांनी पैसे खाल्ले असे शास्त्र म्हणत नाही. काम सर्वांवर सोपवलेले होते, पण अमुक माणसाने अमुक वेळी अमुक भिंत पाहायची, असे काही ठरलेले दिसत नाही. मला त्या याजकांत मी दिसले. माझ्या भिंतीवरची यादीही तशीच होती.

मग काय बदलले? यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे मिळून तो मोजत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. ते पुढे सुतार, बांधकाम करणारे, गवंडी आणि पाथरवट यांना देत. लाकूड आणि घडीव दगड विकत घेत. म्हणजे पैसा कोणी मोजायचा, कोणाच्या हाती द्यायचा आणि काम कोणी करायचे, हे ठरले. त्यानंतर काम झाले. आधीच्या वर्षांत लोकांची भक्ती कमी होती आणि नंतर वाढली, असे तेथे लिहिलेले नाही.

यादी खोटी कशी ठरली

त्या शनिवारनंतर मी एक काम केले. यादीतील प्रत्येकाच्या घरी जाऊन गेलेल्या आठवड्यात तो कधी मोकळा होता ते विचारले. सोमवार ते शनिवार सहा दिवस, प्रत्येक दिवसाची सकाळ आणि दुपार, असे एका माणसाचे १२ अर्धे दिवस होतात. सात माणसांचे ८४. माझ्या मनात हेच ८४ होते. विचारून झाल्यावर जे उरले ते असे :

पंपवाले दादा : गुरुवारी सकाळ व दुपार, शनिवारी सकाळ – ३
मदतनीस : गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी सकाळ – ३
गवंडीकाका : बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी सकाळ – ३
चौकीदार बाबा : सोमवारी, बुधवारी दुपार – २
ड्रायव्हर भाऊ : सोमवारी, बुधवारी, गुरुवारी सकाळ – ३
शिक्षक : शनिवारी दुपार – १
मी : बुधवारी दुपार, गुरुवारी सकाळ, शनिवारी दुपार – ३

एकूण १८. त्यातही खरी गोष्ट बेरजेत दिसत नाही. आमचा हापसा इंडिया मार्क २ प्रकारचा आहे. त्याचा वायसर बदलायचा तर बोअरमधील तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. एकजण क्लॅम्प आणि पाना सांभाळतो, बाकीचे पाइप उचलून धरतात. धरणारा हात सुटला तर पाइपांची सगळी माळ बोअरमध्ये जाते. म्हणून पंप जाणणारा एक आणि हात देणारे तीन, अशी चार माणसे एकाच वेळी लागतात. चार माणसे चार वेगवेगळ्या दिवशी आली तर काम शून्य होते. आमच्याकडे नेमके तेच झाले.

आता वरचा तक्ता पुन्हा पाहा. गुरुवारी सकाळी दादा, मदतनीस, गवंडीकाका, ड्रायव्हर भाऊ आणि मी, असे पाचजण मोकळे होतो. संपूर्ण आठवड्यात तेवढी एकच वेळ होती. कोणालाच दुसऱ्याचे ठाऊक नव्हते. दादा घरची कौले सारखी करत होते. मी कार्यालयात बसून तिमाही अहवाल लिहीत होते. त्याच दिवशी संध्याकाळी ती मुलगी पडली.

सावड

घरोघर विचारताना मला आणखी एक गोष्ट उमगली, आणि तिची लाजही वाटली. आपल्या गावांत आवणी सावडीने होते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. कोणाचे शेत कोणत्या दिवशी, कोणावर कोणाचे किती दिवस राहिले, हे पाड्यातील बायका तोंडपाठ सांगतात. पंपवाल्या दादांच्या पत्नीने चुलीपुढे बसून मला त्या सगळ्या आठवड्याचा हिशोब दिला. मंगळवारी ते का आले नाहीत? शेजाऱ्याची सावड फेडायची होती. ती चुकवली असती तर त्यांच्या शेतात कोणी उतरले नसते.

आदिवासी लोकांना नियोजन शिकवावे लागते, असे आम्ही संस्थावाले बैठकांत किती सहज बोलतो. येथे नियोजन पाड्यात होते आणि बोर्डिंगमध्ये नव्हते. मी विचारले असते तर रविवारीच सगळे कळले असते.

‘येतो’ आणि ‘येत नाही’

मत्तय २१ मध्ये प्रभूने दोन मुलांचा दाखला सांगितला. बापाने द्राक्षमळ्यात जा म्हटले. एकजण आधी नाही म्हणाला, पण नंतर गेला. दुसरा जातो म्हणाला आणि गेला नाही. प्रभूने हा दाखला मुख्य याजकांना आणि वडीलजनांना उद्देशून सांगितला. तो पश्चात्तापाविषयी आहे आणि त्याचा अर्थ आपण बदलू नये. पण तो वाचताना मला दादांचे “येतो ताई” आठवते.

दादा खोटे बोलणारे नाहीत. मिशनच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची मुलगी आमच्या बोर्डिंगमध्ये शिकली. आजारपणात आमची गाडी गेली. अशा उपकारांच्या ओझ्याखाली माणूस ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘येतो’ म्हणतो आणि मग टाळतो. दोष केवळ त्यांचा धरला तर मी माझा वाटा झाकला असे होईल. ज्या कामात माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्या कामात त्याच्या ‘हो’ वर भरवसा ठेवता येत नाही.

चौकीदार बाबांचेही तसेच. ते रात्रभर जागतात. माझ्या मनाच्या हिशोबात ते दिवसभर ‘मोकळे’ होते. त्यांच्या झोपेची वेळ मी कधी धरलीच नव्हती, आणि त्यांनीही कधी सांगितली नाही.

आम्ही आता काय करतो

पद्धत अगदी साधी आहे. कोणत्याही मंडळीला किंवा बोर्डिंगला ती वापरता येईल.

१. शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एक मोठा कागद पुढे घेतो. आडव्या रांगेत सहा दिवस, प्रत्येकाचे दोन भाग. उभ्या रांगेत नावे. रविवार कोरा ठेवतो. आठवडे बाजाराचा दिवस आधीच आखून घेतो, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत कोणी मिळत नाही.

२. प्रत्येकाला विचारतो, “या आठवड्यात कधी जमणार नाही?” आधी ‘कधी जमेल’ असे विचारत होतो, तेव्हा सगळे सगळ्या दिवशी हो म्हणायचे. ‘नाही’ पासून सुरुवात केली की खरे उत्तर मिळते. कारण विचारत नाही. जे प्रार्थनेला येत नाहीत त्यांच्याकडे ड्रायव्हर भाऊ रविवारी निरोप घेऊन जातात.

३. मोकळ्या चौकोनात नुसती खूण न करता काम लिहितो : पंप, वीज, गवंडीकाम की फक्त हात. कागदावर पाच खुणा असून वीज जाणणारा एकही नसेल तर वायरीला कोणी हात लावायचा नाही, हा नियम आहे.

४. शेवटी प्रत्येक चौकोनाची उभी बेरीज करतो. चारजण एकत्र मिळणारी वेळ लाल पेन्सिलीने गोल करतो. मोठे काम तेथेच ठेवतो. दार, कडी, नळाची तोटी अशी एकट्याची कामे इतर चौकोनांत टाकतो. लाल गोलांपैकी एक नेहमी रिकामा सोडतो, कारण आठवड्यात काही ना काही अचानक मोडतेच.

५. लाल गोल एकही नसेल तर तसे स्पष्ट लिहितो. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या जुलैत हा कागद असता तर सोमवारी सकाळीच कळले असते की गुरुवारपर्यंत हापसा सुरू होणार नाही. मग तीन दिवसांसाठी टेम्पोने पाण्याची पिंपे आणता आली असती. मुली विहिरीवर गेल्याच नसत्या.

वर्षाचा अंदाजही जवळ ठेवावा लागतो. आमच्या भागात जुलै-ऑगस्ट आवणीचा, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणीचा. त्यानंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि शिमग्याला किंवा त्यानंतर परततात. म्हणून कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकणे आणि हापशाचा वायसर बदलणे ही कामे आम्ही मे महिन्यातच, मृगाच्या आधी उरकतो. वायसर झिजायची वाट पाहत नाही. मे महिन्यात लाल गोल भरपूर मिळतात, जुलैत एखादा मिळाला तर देवाचे उपकार.

जेथे ज्याचे घर, तेथे त्याची भिंत

नहेम्याचा तिसरा अध्याय वाचताना पुष्कळजण नावे टाळून पुढे जातात. मीही जात असे. आता तो मला आमच्या शनिवारच्या कागदासारखा वाटतो. एल्याशीब प्रमुख याजकापासून सुरुवात होते. पुढे सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत. शल्लूमाबरोबर त्याच्या कन्याही आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे भिंतीचा ठरावीक भाग आहे. कित्येकांना आपापल्या घरासमोरचा भाग दिलेला आहे, म्हणजे जायला-यायला वेळ मोडत नाही आणि काम नीट झाले नाही तर धोका आपल्याच दाराशी. तकोवाच्या प्रमुखांनी खांदा दिला नाही, हेही लिहून ठेवले आहे. आणि त्याच तकोवाच्या लोकांनी आणखी एक भाग दुरुस्त केला, हेही. जमले आणि जमले नाही, दोन्ही कागदावर आहे. अध्याय ६ सांगतो की कोट ५२ दिवसांत पूर्ण झाला.

मजुरीचा प्रश्न

एक गोष्ट देणगीदार बंधुभगिनींना प्रेमाने सांगायची आहे. आवणीच्या दिवसांत एखाद्याची सकाळ घेणे म्हणजे त्याच्या घरची मजुरी घेणे. अनुवाद २४ मध्ये गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा आहे. ‘सेवा’ हा आपला लाडका शब्द आहे, पण त्या शब्दाआडून आम्ही कित्येक वर्षे गरिबाकडून फुकट काम घेतले. आता अर्ध्या दिवसाची मजुरी ठरलेली आहे आणि ती त्याच संध्याकाळी देतो. कोणी ती पेटीत परत टाकली तर तो त्याचा आणि देवाचा प्रश्न.

यासाठी पैसा लागतो, आणि तो मिळवणे कठीण जाते. नव्या इमारतीसाठी देणगी येते, तिच्यावर पाटी लागते. वायसरवर पाटी लावता येत नाही. योआशाच्या काळी पेटीतील पैशातून चांदीची भांडी केली नाहीत, तो कामकऱ्यांना दिला, ही नोंद शास्त्रात आहे. आणि या कामात आपल्या महाराष्ट्रातील मिशनचा वारसाही आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे हातपंप गावच्या वापराने लवकर मोडत. तेव्हा जालना आणि सोलापूर येथे मिशनशी संबंधित मंडळींनी अधिक टिकाऊ पंप घडवले. सोलापूरच्या पंपाच्या आधारावर १९७० च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांच्या प्रयत्नांतून इंडिया मार्क २ तयार झाला. पुढे मार्क ३ मध्ये पाइप न काढता वायसर बदलण्याची सोय झाली. पाइप उपसायला माणसे वेळेवर जमत नाहीत, ही अडचण आमच्या एकट्या बोर्डिंगची नव्हती.

गेल्या जुलैत हापसा पुन्हा एकदा बंद पडला. तो मंगळवार होता. कागदावर लाल गोल शुक्रवारी सकाळी होता. तीन दिवस पिंपे आणली. शुक्रवारी चौघे आले, काम झाले, संध्याकाळी मजुरी दिली. दादांनी सोमवारीही बोलावले होते का, असे मी हसत विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सोमवारी नाही जमणार, हे शनिवारीच सांगितलं होतं ताई.” हे ऐकून मला फार बरे वाटले.

त्या मुलीच्या वडिलांचा प्रश्न मात्र अजून माझ्याजवळ आहे. शनिवारी कागद पुढे घेतला की तो आठवतो.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत ‘सर्वांची जबाबदारी’ म्हणून कोणते काम वर्षानुवर्षे पडून आहे? ते कोणाच्या नावावर, कोणत्या दिवशी ठेवता येईल?
२. आपल्याला ‘नाही’ म्हणायला कोणाला भीती वाटते? ती कमी करण्यासाठी आपण काय करू शकतो?
३. आपल्या चर्चच्या आवारात विनामोबदला राबणारा कोणी गरीब आहे का? त्याच्या एका दिवसाची किंमत आपल्याला माहीत आहे का?

प्रार्थनेचे विषय

आवणीत राबणाऱ्या कुटुंबांसाठी. पाण्यासाठी डोंगर उतरणाऱ्या मुलींसाठी. शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलींसाठी, आणि विशेषतः त्या एका मुलीसाठी. तसेच दुरुस्तीची कामे करणाऱ्या, ज्यांची नावे कोणत्याही पाटीवर नसतात, अशा सर्व हातांसाठी कृपया प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेतील आपली भगिनी